जर्मनीतला आरोग्य विमा: पब्लिक की प्रायव्हेट, हे एप्रिल संपायच्या आत ठरवा

वाचकाचं पत्र

मी मूळचा साताऱ्याचा, वय 36. 1 फेब्रुवारी 2026 पासून श्टुटगार्टमधल्या एका कंपनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, रुजू झालोय. पगार वर्षाला 79,000 युरो. एचआर म्हणतं, तुमचा पगार मर्यादेच्या वर आहे, पब्लिक किंवा प्रायव्हेट कोणताही विमा घ्या आणि आम्हाला कळवा. ओळखीतला एक एजंट प्रायव्हेटचा आग्रह धरतोय: 560 युरो हप्ता, त्यातला अर्धा कंपनी भरणार. पब्लिकमध्ये माझ्या खिशातूनच 600 च्या वर जातात. सध्या त्यानेच काढून दिलेल्या 'इनकमिंग' या तात्पुरत्या पॉलिसीवर आहे. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी जूनमध्ये येणार. पत्नीला भाषा शिकून पुढे नोकरी करायची आहे. आई 68 वर्षांची, तिला मधुमेह आणि बीपी. तिलाही नंतर इकडे आणायचा विचार आहे. जर्मनीत आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत असते असं ऐकून आलो होतो, मग हे पैसे कसले? आणि निवडू काय?

— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट पगार किंवा हप्ता नाही, रुजू झाल्याची तारीख आहे. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि पगार कायद्यात ठरलेल्या मर्यादेच्या (यंदा वर्षाला 77,400 युरो) वर असलेल्या माणसाला स्वतःच्या इच्छेने पब्लिक विम्यात शिरता येतं, पण त्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून तीनच महिने मिळतात. तुमचे तीन महिने एप्रिलअखेर संपतात. त्या आत पब्लिक विमा कंपनीकडे, म्हणजे क्रांकेनकासेकडे, तुमचा अर्ज पोचायला हवा. मुदत हुकली की कासे 'नाही' म्हणते आणि तो नकार कायद्याला धरून असतो. एजंट हे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रायव्हेट पॉलिसी विकली की त्याला कित्येक महिन्यांच्या हप्त्यांइतकं कमिशन सुटतं, पब्लिकचा अर्ज भरून दिला तर चहापाण्यापुरतं.

आधी 'मोफत'चं बघू. जर्मनीत ब्रिटनसारखी सरकारी करातून चालणारी सेवा नाही. इथला पाया 1883 साली बिस्मार्कच्या काळात झालेल्या कामगारांच्या आजारपण विम्याच्या कायद्याचा आहे. तेव्हापासून तत्त्व तेच: पगारातून ठरावीक टक्के कापायचे, मालकानेही भर घालायची, आणि जमलेल्या पैशातून आजारी माणसाचा खर्च भागवायचा. आज देशातले जवळपास नव्वद टक्के लोक या पब्लिक विम्यात आहेत. उरलेले बहुतेक प्रायव्हेटमध्ये. 1 जानेवारी 2009 पासून देशात राहणाऱ्या प्रत्येकाला या दोनपैकी एक विमा असणं कायद्याने बंधनकारक आहे. 'सगळ्यांना आरोग्यसेवा' म्हणजे इथे हे बंधन.

आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय असलेल्यांना पब्लिक विम्यात काही गोष्टी शोधूनही सापडत नाहीत. 'कव्हर किती लाखांचं' हा प्रश्नच नाही, कारण वरची मर्यादा नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड नाही. वय किंवा तब्येत पाहून हप्ता बदलत नाही. अर्जात आजारांचा रकाना नसतो आणि हक्क असलेल्या माणसाला कासे नाकारू शकत नाही. हप्ता ठरतो फक्त उत्पन्नावर.

तुमचा हिशेब 2026 च्या आकड्यांनी असा. मूळ दर 14.6 टक्के, सगळ्या कासेंना सारखा. त्यावर प्रत्येक कासे आपला जादा दर लावते. त्याची यंदाची अधिकृत सरासरी 2.9 टक्के आहे. हे 17.5 टक्के तुमच्या पूर्ण पगारावर लागत नाहीत, महिना 5,812.50 युरोपर्यंतच लागतात. त्याच्या वर कितीही पगार असला तरी आकडा तोच. म्हणजे एकूण 1,017.19 युरो, त्यातला अर्धा, 508.59, तुमचा. शिवाय म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा 3.6 टक्के. त्यातला तुमचा अर्धा भाग 104.63. (मूल नसलेल्यांना 0.6 टक्के जास्त पडतात, म्हणून मुलीचा जन्मदाखला एचआरकडे वेळेत द्या.) बेरीज 613 युरोंच्या आसपास. तुम्ही सांगितलेला '600 च्या वर' आकडा हाच.

आता एजंटचे 560. तो हप्ता एकट्या तुमचा आहे. पब्लिकमध्ये उत्पन्न नसलेली पत्नी आणि मूल तुमच्याच सदस्यत्वावर एक पैसाही जादा न देता विमाधारक होतात. याला फामिलियनफेरझिखेरुंग म्हणतात. यंदाची अट अशी की पत्नीचं नियमित उत्पन्न महिना 565 युरोंच्या आत हवं, मिनीजॉब (कमी पगाराची छोटी नोकरी) असेल तर 603. प्रायव्हेटमध्ये दर माणशी वेगळी पॉलिसी आणि वेगळा हप्ता. कंपनी कुटुंबाच्या हप्त्यातही निम्मा वाटा उचलते, पण आरोग्य विम्यापुरती तिची कमाल मर्यादा यंदा तेच 508.59 युरो. समजा तिघांचे मिळून 1,150 झाले, तर कंपनी 508.59 देणार आणि तुमच्याकडून 641 जाणार. म्हणजे आरोग्य विम्यापुरते पब्लिकपेक्षा 130 युरो जास्तच. तेव्हा एजंटकडून तिघांची वेगवेगळी कोटेशनं लेखी मागा, आणि प्रत्येक पॉलिसीत वर्षाला स्वतः सोसायची रक्कम किती आहे तेही. स्वस्त दिसणाऱ्या हप्त्यात बरेचदा हजार-बाराशे युरोंची अशी रक्कम दडलेली असते.

पुढचा पेच मुलीचा. प्रायव्हेटमध्ये गेलात आणि दोन वर्षांनी पत्नीला, समजा, 45,000 ची नोकरी लागली तर ती आपोआप पब्लिकमध्ये जाईल. तुम्हाला वाटेल, मुलगी आता आईच्या विम्यात फुकट बसेल. बसणार नाही. आईबाप लग्नाचे असतील, त्यातला प्रायव्हेटवाला मर्यादेच्या वर कमावत असेल आणि त्याची कमाई दुसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर मुलाला फुकट विमा मिळत नाही. हप्ता भरावाच लागतो, इकडे किंवा तिकडे. मूल आजारी पडल्यावर घरी राहण्यासाठी पब्लिकमध्ये यंदा दर पालकाला दर मुलामागे 15 दिवस मिळतात (मूल बारा वर्षांखालचं हवं) आणि त्या दिवसांचे पैसे कासे देते. त्यासाठीही मूल पब्लिकमध्येच असावं लागतं. श्टुटगार्टच्या किंडरगार्टनमधलं पहिलं वर्ष म्हणजे शेंबूड, ताप आणि उलट्यांचं वर्ष. हे 15 दिवस कागदावर राहत नाहीत.

'न पटल्यास नंतर परत येता येतं' हे एजंटांचं आवडतं वाक्य. अर्धं खरं आहे. पंचावन्न वर्षांच्या आत असाल आणि पगार मर्यादेखाली आला किंवा बेकारभत्ता सुरू झाला, तर कायदाच तुम्हाला पब्लिकमध्ये आणतो. नुसतं मनात आलं म्हणून येता येत नाही. पंचावन्ननंतर तर दार जवळजवळ बंदच. प्रायव्हेटचा हप्ता उत्पन्नावर नसतो. तो पॉलिसी घेतानाचं वय, तब्येत आणि उपचारांचा वाढता खर्च यांवर असतो, आणि पगार थांबला म्हणून तो थांबत नाही. बाळंतपणानंतर आईबाप घरी असतानाही पूर्ण भरावा लागतो.

या जोडीला एक कागद येतो, त्याचं नाव लक्षात ठेवा: बेफ्राययुंग, म्हणजे पब्लिकच्या सक्तीतून सूट. तुम्हाला ज्या मर्यादेमुळे निवड मिळाली ती 2025 मध्ये 73,800 होती, 2026 मध्ये 77,400 झाली. ती दर जानेवारीला सरकते, आणि तुमचा पगार तिच्यापेक्षा अवघा 1,600 नेच वर आहे. पुढच्या जानेवारीत ती तुम्हाला ओलांडून गेली तर तुम्ही आपोआप पब्लिकमध्ये याल. तेव्हा एजंट घाईघाईने बेफ्राययुंगचा अर्ज पुढे करेल: तीन महिन्यांच्या आत सही करा आणि प्रायव्हेटमध्येच राहा. ही सूट मागे घेता येत नाही. पगार घटला म्हणून पब्लिकमध्ये परतायची जी वाट असते, ती या सहीने बंद होते. प्रायव्हेटमध्ये गेलेल्यांनीही या कागदावर विचार न करता सही करू नये.

एक शंका. तुमच्या 79,000 मध्ये कामगिरीवर ठरणारा बोनस धरलेला आहे का? मर्यादेच्या हिशेबात मूळ पगार आणि करारात पक्का असलेला तेरावा पगार धरतात. मिळेल-न-मिळेल असा बोनस आणि ओव्हरटाइम धरत नाहीत. पक्का भाग 77,400 च्या आत असेल तर तुम्हाला निवडच नाही, पब्लिक सक्तीचा आहे, आणि काढलेली प्रायव्हेट पॉलिसी निस्तरत बसावं लागेल. एचआरकडून हे लेखी घ्या.

आमचं मत सरळ आहे: तुमच्या परिस्थितीत पब्लिक. प्रायव्हेटचं सगळंच वाईट असं नाही. स्पेशालिस्टची वेळ लवकर मिळते आणि दातांचे, चष्म्याचे पैसे चांगले मिळतात. एकटा माणूस, पगार मर्यादेपेक्षा खूप वर, तब्येत ठणठणीत आणि हप्त्यात वाचलेले पैसे म्हातारपणासाठी बाजूला टाकण्याची शिस्त, अशाला ते परवडतं. एका पगारावर चालणाऱ्या आणि पुढे काय होईल हे न ठरलेल्या कुटुंबाला नाही. तरी प्रायव्हेटच घ्यायचं ठरलं तर तब्येतीच्या प्रश्नांना खरीखुरी उत्तरं द्या. भारतातली जुनी पाठदुखी, थायरॉइडची गोळी, समुपदेशन, सगळं लिहा. लपवलेलं नंतर उघड झालं तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते किंवा हप्ता वाढवू शकते. सही आधीच करून बसला असाल तर 14 दिवसांत करार मागे घेता येतो.

आता करायचं काय. 'इनकमिंग' पॉलिसी म्हणजे पाहुण्यांसाठीचा तात्पुरता विमा. विमानतळापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत ती ठीक. त्यानंतर कायद्याला लागणारा विमा ती सहसा धरली जात नाही, आणि परदेशी नागरिक कार्यालयात ब्लू कार्डाच्या नूतनीकरणाला अडचण येते. एखादी कासे निवडा. सेवांचा फार मोठा भाग कायद्यानेच सारखा असल्याने जादा दर कमी आणि इंग्रजीत बोलणारं कोणी आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्ट, राहत्या पत्त्याची नोंद, कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख लागते. 'ऐच्छिक सदस्य, जर्मनीतली पहिली नोकरी' हे स्पष्ट लिहा, नाहीतर कारकून आधीच्या विम्याचा पुरावा मागत बसतो. सदस्यत्व 1 फेब्रुवारीपासूनच धरलं जाईल, त्यामुळे मागच्या महिन्यांचे हप्तेही द्यावे लागतील. ते पैसे राखून ठेवा, आणि कासेचं सदस्यत्व पक्कं झाल्यावरच इनकमिंग बंद करा. फोटो अपलोड केल्यावर कार्ड टपालाने येतं. त्याआधी डॉक्टरकडे जावं लागलं तर कासेकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागवा.

पत्नी आणि मुलीचा फामिलियनफेरझिखेरुंगचा अर्ज वेगळा असतो. विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्हींचं जर्मन भाषांतर साताऱ्याहून निघायच्या आतच करून ठेवा. त्यांचा विमा इथे पत्त्याची नोंद झाल्यापासून, म्हणून विमानापासून तोवर प्रवासी विमा हवाच. मुलीचं लसीकरणाचं कार्ड सामानात टाकू नका, हातात ठेवा. किंडरगार्टनला गोवराच्या दोन डोसांचा पुरावा कायद्याने लागतो.

कार्ड हातात आल्यावरचं आयुष्य सोपं आहे. घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधा. नवे पेशंट न घेणारे पुष्कळ असतात, तेव्हा तब्येत बरी असतानाच नाव नोंदवा. दर तिमाहीत एकदा कार्ड दाखवायचं, फी नाही. औषधाची चिठ्ठी ऑनलाइन साठवली जाते, दुकानात कार्ड दिलं की औषध मिळतं. त्यातला तुमचा वाटा किमतीच्या दहा टक्के, पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 10 युरो. मुलीला अठरापर्यंत तोही नाही. रुग्णालयात दिवसाला 10 युरो, वर्षात 28 दिवसांपर्यंतच. ही सगळी रक्कम मिळून घराच्या वार्षिक ढोबळ (कर वगैरे कापण्याआधीच्या) उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर गेली तर वरची रक्कम कासे परत करते, दीर्घ आजार असलेल्यांना 1 टक्क्यावरच. पण ती आपणहून देत नाही. पावत्या जपून अर्ज करावा लागतो, आणि इथेच बहुतेक जण पैसे सोडून देतात.

स्पेशालिस्टची वेळ हे पब्लिकचं खरं दुखणं. त्वचा, सांधे, मेंदूविकार यांच्या डॉक्टरांकडे स्वतः फोन केलात तर कित्येक महिन्यांनंतरची तारीख ऐकायला मिळते. हाउसआर्त्स्टकडून युबरवायझुंग, म्हणजे रेफरलची चिठ्ठी, घेताना तिच्यावर बारा अक्षरांचा तातडीचा कोड द्यायला सांगा. तो कोड 116117 या, डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या सेवेच्या, क्रमांकावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर दिला की साधारण पाच आठवड्यांच्या आतली वेळ त्यांनी द्यायलाच हवी. डॉक्टर मात्र तुमच्या आवडीचा नसेल, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो. डोळे, स्त्रीरोग आणि मुलांचे डॉक्टर यांना चिठ्ठी लागत नाही. रात्री ताप चढला तर तोच 116117. जिवावरचं असेल तर 112.

दातांचं कव्हर तोकडं आहे. क्राउन-ब्रिजसाठी ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाचे 60 टक्के मिळतात. वर्षातून एकदा तपासणीचा शिक्का बोनसहेफ्ट नावाच्या वहीत पाच वर्षं सलग असला तर 70, दहा वर्षं असला तर 75. ती वही पहिल्याच भेटीत मागून घ्या. मोठ्यांच्या चष्म्याचे पैसे धरूच नका.

स्वतः आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर कासे ढोबळ पगाराच्या 70 टक्के (पण हातात येणाऱ्याच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही) देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत. हा हिशेबही 5,812.50 च्या मर्यादेतल्याच पगारावर होतो. डॉक्टरच्या दाखल्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. मागचा दाखला शुक्रवारी संपला तर पुढचा सोमवारीच घ्यायचा.

राहिल्या आई. त्यांच्याबाबतीत आशा वाढवणार नाही. आईवडील फामिलियनफेरझिखेरुंगमध्ये बसत नाहीत, ते मुलावर अवलंबून असले तरी. 1 मार्च 2024 पासून ब्लू कार्डधारकांना आईवडिलांना कायमचं आणायची वाट कायद्याने खुली झालीय आणि तुमचं कार्ड त्यानंतरचं असल्याने तुम्ही त्यात बसता. पण अर्जासोबत त्यांच्या कायमच्या आरोग्य विम्याचा पुरावा लागतो, आणि गाडी तिथेच अडते. इथे कधी विमाधारक नसल्याने पब्लिक घेत नाही. 68 वर्षं आणि मधुमेह म्हटल्यावर प्रायव्हेटच्या नेहमीच्या पॉलिसी नाकारतात. उरतो प्रायव्हेटचा मूलभूत दर, बाझिसटारीफ. त्याचा आरोग्याचा हप्ता यंदा महिना 1,017 युरोपर्यंत जाऊ शकतो, वर शुश्रूषेचा वेगळा. व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एखाद्या कंपनीकडून याची लेखी हमी मिळते का पाहा. ती नसताना घर आवरायला घेऊ नका.

तीन महिन्यांच्या भेटीसाठी मात्र अडचण नाही. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरो कव्हरचा प्रवासी विमा लागतो. पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारात अचानक बिघाड झाला तर पैसे मिळतील का, हे कलम वाचूनच घ्या. स्वस्तातल्या पॉलिसी नेमका मधुमेह आणि बीपीच वगळतात, आणि इथल्या रुग्णालयातल्या तीन-चार दिवसांचं बिल हजारोंत जातं. तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह बरोबर आणू द्या.

आणि आईंचा भारतातला मेडिक्लेम चालू असेल तर 'आता तिकडेच नेणार आहोत' म्हणून तो बंद करू नका. एकदा खंडला की या वयात नवीन पॉलिसी मिळणं अवघड, मिळाली तर जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून. तुमची कासेही भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही, कारण तसा करार दोन्ही देशांत नाही. सुट्टीला साताऱ्याला जाताना तिघांसाठी जर्मन कंपनीचा वार्षिक परदेशप्रवास विमा घ्या. तो थोडक्या युरोंत मिळतो, फक्त एका सलग प्रवासाला किती दिवसांची मर्यादा आहे ते बघून तिकिटं काढा.